पाच टक्क्यांहून कमी ढग

माझं नाव त्यांनी बरोबर लिहिलं होतं, ही पहिली वाईट गोष्ट. एकतीस वर्षांत आंतरराष्ट्रीय नकाशा व प्रतिमाविज्ञान संस्थेने माझा सांबू केला, शाम्भो केला, एकदा तर अधिवेशनाच्या बिल्ल्यावर श्रीमती शांबवी मळीक केलं, आणि त्यातल्या कशानेही माझं काही बिघडलं नव्हतं. आज मंगळवारी संध्याकाळी साडेचारला, वार्षिक सभेच्या तिसऱ्या विषयाला, पणजीतल्या माझ्या घरी, उघड्या जनेलाजवळच्या मेजावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर ते ठळक आणि बिनचूक उमटलं: शंभू मळीक, गोवा, भारत, नकाशाच्या एक हजार एकशे चाळीस चौकोनांची पडताळणी, वर्षातले उत्तम स्वयंसेवक सभासद. चाळीसएक देशांतल्या माणसांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. आणि त्याच घटकेला शेजारचा फोन थरथरत मेजाच्या कडेकडे सरकायला लागला. वत्सूताय, लाटंबार्से. माझी थोरली बहीण कामाशिवाय फोन करत नाही, आणि काम असलं की वर शिव्याही देते. मी उचलला. सभेत माझा आवाज बंदच होता. आमच्या संस्थेत सभासदाची ती नैसर्गिक अवस्था.

“शंभू, तू ते नकाशे करतंस मां?”

“करायचो, ताय. आता दुसऱ्यांचे तपासतो.”

“मगे आयक. डोंगरार आमच्या सड्यार चार मनीस आयले. तांबडो रंग लायिल्ले फातर पुरूंक लागले. कित्याक म्हणून विचारलां तर म्हणतत, ही जमीन पडीक, हंय कंपनीची गोदामां येतली. मियां सांगलां, पडीक तुमचो बापूस! भेंडे लागल्यात ते दिसनत तुमकां? तर एकान माका कागद दाखयलो. आमचो सडो सगळो बिस्किटाच्या रंगाचो. परवां बिरेस्तारा डिचोलीक मामलेदाराकडे सुनावणी, थंय हो कागद लावतले म्हणे. जगातल्या शाण्या मनशांनी तपाशिल्लो कागद.”

“कागदावर कुणाचं नाव आहे?”

“खाला बारीक अक्षरांत आसा. सर्वेश म्हणता, मामाचा.” सर्वेश म्हणजे तिचा मुलगा; डिचोलीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करतो. “तो खुळो आसा. मियां सांगलां, मामाचा कसा आसतला?”

मी म्हणालो, मी बघतो. अठ्ठावीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. त्यात बघणं सोडून सगळं असतं. फोन ठेवला तेव्हा पडद्यावर अजून टाळ्या चालू होत्या.

मला राग आला की मी फार सभ्य होतो. कचेरीत हे सगळ्यांना माहीत होतं. मी कुणाला ‘आपण’ म्हणालो की बसलेला शिपाईसुद्धा कदेल सोडून उभा राहायचा. आता पडद्यावर अध्यक्ष इंग्रिडबाई हसत होत्या, त्यांच्या पाठीमागे त्यांच्या देशातली शिस्तीत वाढलेली झाडं होती, आणि मी मनात म्हणत होतो, आपण बसा, आपण मुळीच त्रास घेऊ नका. ज्या कंपनीने तो कागद काढला तिच्यावर मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो धड पेटेना. कंपनी ही कंपनी असते, तिने दुसरं काय करायचं. राग सारखा घसरून जवळच्या माणसांकडे येत होता. टाळ्या पाठवणारे ते चाळीस जण. त्यांतल्या एकालाही मी कधी जेवताना पाहिलेलं नाही, आणि तरी निवृत्तीनंतर मला विचारलं असतं की तुझी माणसं कोण, तर मी यांच्याकडे बोट दाखवलं असतं. निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी उरतात, गुडघे आणि मत. घरात दोन्हींची कुरकुर नको होती. संस्थेला मत हवं होतं. संस्थेचे चौदा आयोग आहेत, एकसष्ट कार्यगट आहेत, आणि आयोगांची संख्या कमी कशी करावी याचा गेली बावीस वर्षं विचार करणारी एक समिती आहे. सभेत जो हात वर करतो तो निमंत्रक होतो. मी हात वर करायचो.

आणि तरी सुरुवात खरी होती, हे मी आज रागातसुद्धा नाकारणार नाही. कचेरीत नवा असताना साहेबांनी मला एका दुभिंगी यंत्रापुढे बसवलं, खाली विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, बघत राहा, काही विचार करू नकोस. दोन सपाट, राखाडी, कंटाळवाणे फोटो. पाच मिनिटं काही झालं नाही. मग एकाएकी पेडण्याचा डोंगर उठून माझ्या नाकाला लागला. मी मान मागे घेतली. ज्या डोंगराच्या पायथ्याशी मी जन्मलो, जिथे काजूची बोंडं चोरली, तो डोंगर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असं वाटलं, आणि त्याच्या सोंडेखालची तेरेखोल नदी इतकी खोल गेली की पोटात गोळा आला. त्या वर्षी मी संस्थेचा सभासद झालो. वाटलं, या सगळ्या लोकांना तो गोळा माहीत असेल. असेलही. पण एकतीस वर्षांत कुणी त्याबद्दल बोललं नाही. आम्ही बोललो ते रंगांबद्दल. जगाच्या नकाशात पडीक जमीन कुठल्या रंगाने दाखवावी यासाठी अकरा महिने समिती बसली. पिवळ्याला वाळवंटी देशातला सभासद हरकत घेऊन होता, तो म्हणाला, आमच्याकडे माणसं राहतात. राखाडी काँक्रीटसारखा दिसतो म्हणून गेला. शेवटी बिस्किटी आला, सहा विरुद्ध पाच मतांनी, आणि सहावं मत माझं. त्या रात्री मी प्रभावतीला, माझ्या बायकोला, अभिमानाने सांगितलं होतं. ती म्हणाली, “बिस्किटी म्हणजे कुठलं बिस्कीट?” आणि मी चिडलो होतो. कुणाचं शेत त्या रंगाखाली जाणार हा विषय पत्रिकेवर नव्हता, आणि पत्रिकेवर नसलेलं बोलणं मला तेव्हाही आवडत नसे.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, जांभ्या दगडाचा. एप्रिलात तो करपलेल्या तव्यासारखा असतो. त्यावर उभी राहिलेली गायसुद्धा चुकून तिथे आल्यासारखी दिसते. वत्सूतायच्या सासूने पन्नास वर्षांपूर्वी खालून टोपल्यांनी माती नेऊन त्या दगडावर पसरली, भोवती दगडांचे बांध घातले. जूनमध्ये पाऊस धरला की त्या वीतभर मातीत तवशी म्हणजे मोठाल्या काकड्या, दोडके, भेंडे, वर कडेला नाचणी. सप्टेंबरअखेरपर्यंत सगळा सडा हिरवागार, आणि त्या चार महिन्यांत डिचोलीच्या बाजारात वत्सूतायशी भाव करायची कुणाची छाती होत नाही. मग ऊन पडतं, माती तडकते, सडा पुन्हा तवा. आता उपग्रहाची गोष्ट बघा. तो दर पाच दिवसांनी लाटंबार्से गावावरून जातो, इमानाने, रजा न घेता. पण सडा जिवंत असतो तेव्हा त्याच्यावर ढग असतात. ढग असतात म्हणूनच तो जिवंत असतो. आणि ढग असतात म्हणून तो दिसत नाही. ढग हटतात आणि दिसतो तो तवा. गेल्या वीस वर्षांत माझ्या बहिणीच्या भेंड्यांचा एकही फोटो आकाशातून निघालेला नाही. आकाशाचा यात दोष नाही. ढगाळ फोटो जगाच्या नकाशात घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. नियम चौदा: नोंदीसाठी किंवा नोंदीवरच्या हरकतीसाठी दिलेल्या प्रतिमेत पाच टक्क्यांहून कमी ढग असावेत. हा नियम मी लिहिला. मीच. एका थंड देशातल्या अधिवेशनात, स्वतःच्या रजा घालवून गेलो होतो, तिथे पावसाळी देशांतले स्वयंसेवक कसले कापसाच्या गादीसारखे फोटो पाठवतात यावर सगळे हसत होते. मीही हसलो, आणि मग उठून म्हणालो, मी गोव्याचा आहे, मला ढग माहीत आहेत, पाच टक्के ठेवा. केवढ्या टाळ्या! ढगांच्या देशातला माणूस ढगांविरुद्ध बोलला याचं त्यांना फार कौतुक वाटलं. इंग्रिडबाईंनी त्या दिवशी मला हात धरून कॉफीपर्यंत नेलं.

प्रभावती चहा घेऊन आली. पोदेराचे ताजे गोल पाव, उंडे, बशीत होते. “तुमचं भाषण कधी?” तिने विचारलं. तिने सकाळी माझा निळा शर्ट इस्त्री केला होता.

“अजून दोन सत्कार आहेत. मग तीन मिनिटं माझी.”

“वत्सूतायचा फोन होता ना? काय म्हणतात?”

मी सांगितलं. ती बसली. ती बसली की मला भीती वाटते.

“सर्वेश खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “नाव तुमचंच आहे?”

“प्रत्येक चौकोनाखाली तपासणाऱ्याचं नाव छापलं जातं. पारदर्शकता म्हणून.”

“तुम्हाला तो चौकोन तिचा हे ठाऊक नव्हतं?”

मी उंडा मोडला. चहात बुडवला. तो तुटून कपात पडला आणि मी चमच्याने तो शोधत बसलो.

“सांगा तिला,” प्रभावती म्हणाली. “सर्वेश सांगेल त्याआधी सांगा. तो तुमच्याइतकं गोड सांगणार नाही.”

ठाऊक होतं. हेच तर आहे. संस्थेच्या या नकाशा तपासण्याच्या मोहिमेत उपग्रहाच्या फोटोचे चौकोन नावाशिवाय येतात. गावाचं नाव नाही, तालुका नाही, देशसुद्धा नाही. तपासणाऱ्याला गावाची माया आड येऊ नये म्हणून. संगणकाने आधी रंग भरलेला असतो, आपण फोटो बघायचा आणि ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ बटण दाबायचं. आणि नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: दिसतं ते नोंदवा, माहीत असतं ते नव्हे. मला हे वाक्य इतकं आवडायचं की मी ते नव्या सभासदांना पत्रांतून पाठवायचो. गेल्या वर्षी मोहिमेचे शेवटचे दिवस आणि चवथ एकत्र आली. आम्ही चवथीला लाटंबार्स्याला होतो. मखरासमोर जमिनीवर बसून, वर माटोळी बांधलेली, तिच्यात सड्यावरचीच तवशी आणि दोडके लोंबत होते, कच्च्या फळांचा आणि धुपाचा वास, पुढ्यात ताटलीत मीठ लावलेल्या तवशीच्या फोडी. आणि मांडीवर लॅपटॉप. इंटरनेट सर्वेशच्या फोनचं. हजाराचा आकडा जवळ होता. आणि नऊशे सत्त्याऐंशीवा चौकोन आला तेव्हा मी गोठ्यावरची निळी ताडपत्री ओळखली. रस्त्याचं वळण ओळखलं. ज्या घरात मी बसलो होतो त्याचं छप्पर मी आकाशातून बघत होतो, आणि त्याच्या वर डोंगरमाथ्यावर एप्रिलातला तो करपलेला तवा, आणि त्यावर संगणकाने भरलेला रंग: पडीक. माझं बोट थांबलं. तोंडात तवशी होती. ती कुठून आली ते मला माहीत होतं, गार होती, बियांचा गर जिभेला लागत होता. आणि मी स्वतःला म्हणालो, शंभू, दिसतं ते. आणि बटण दाबलं. मला त्या क्षणी स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं, हे आता सांगताना कानशिलं तापतात. आपण सगळ्या मायेच्या पलीकडे गेलो असं वाटलं. वत्सूताय पाठीमागून वाकून म्हणाली होती, “कसलां रे सारख्यां टकटक करतंस? मेल्या, तवशी खा, आनीक हाडूं?” मी म्हणालो होतो, आण.

पडद्यावर इंग्रिडबाईंनी माझं नाव घेतलं. या वेळी चुकीचं घेतलं. मी आवाज चालू केला. तीन मिनिटं मिळतात, कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं. मी इंग्रजीत बोललो, आणि फार सभ्यपणे बोललो. म्हणालो, माननीय अध्यक्ष, हा सन्मान ज्या कामासाठी आहे त्यातली एक नोंद खोटी आहे आणि ती खोटी आहे हे मला करतानाच माहीत होतं. ती जमीन पडीक नाही. वर्षातले चार महिने ती पिकते आणि त्याच चार महिन्यांत ती तुमच्या नियमामुळे, म्हणजे माझ्या नियमामुळे, दिसत नाही. अशा जमिनी या नकाशात हजारोंनी असणार. जिथे जिथे ढगांवर शेती चालते तिथे तिथे आपण बिस्किटं वाटून ठेवली आहेत. माझ्या बहिणीच्या सड्यावर आज दगड पुरले गेले आहेत आणि परवा तिला आपला नकाशा दाखवला जाणार आहे. ती नोंद आत्ता, या सभेत, रद्द करावी अशी माझी विनंती आहे. एक मिनिट दहा सेकंद उरले होते. ते मी सभेला परत दिले. चाळीस चेहरे पेन खाली ठेवून बघत होते.

“किती हृदयस्पर्शी,” इंग्रिडबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेच असह्य होतं. “अशा अनुभवांमुळेच आपली संस्था जिवंत आहे. हरकतीसोबत तुम्ही चालू हंगामातली प्रतिमा जोडू शकाल का? ढगांची मर्यादा तर तुम्हाला ठाऊकच आहे.” थोडे जण हसले, प्रेमाने. “नाहीतर आपण हा मुद्दा कार्यगट सदतीसकडे पाठवू.”

कार्यगट सदतीसचा निमंत्रक मी आहे. सभासद दोन. दुसरा गेल्या वर्षी वारला. मी म्हणालो, आपले आभार. दोन शब्दांत इतका राग मी आयुष्यात कधी भरला नव्हता, आणि तो तिकडे पोचेपर्यंत आभारच होऊन पोचला. टाळ्यांची चित्रं आली. सभा चौथ्या विषयाकडे गेली: आयोगांची संख्या.

मी बसून राहिलो आणि त्या मेलेल्या सभासदाचा विचार केला. गुस्तावो. सज्जन माणूस, नाताळला आठवणीने कार्ड पाठवायचा. तो गेला त्या आठवड्यात त्याने तपासलेले सहाशे चौकोन एका दिवसात नकाशावरून पांढरे झाले, आणि आमच्यात केवढी पत्रापत्री झाली होती. सभासदत्व संपलं की त्या माणसाची सगळी पडताळणी आपोआप बाद. चौकोन पांढरा, खाली लिहिलेलं, अतपासलेलं. नोंद बदलायला ढगांची मर्यादा आड येते. माणूस काढायला येत नाही. मी माझं पान उघडलं. एक हजार एकशे चाळीस. त्यात सडा एक. आणि त्यात तेरेखोलच्या काठचं खारफुटीचं रानही होतं. संगणकाने तिथे दलदल लिहिली होती आणि मी तीन वेळा भांडून, तीन पानी पत्रं लिहून, ते रान रान म्हणून नोंदवून घेतलं होतं. माझ्या हातून झालेलं तेवढं एकच धड काम. तेही पांढरं होणार. मी बराच वेळ त्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवून बसलो. प्रभावतीने कप उचलला आणि ती तिथेच उभी राहिली.

सभासदत्व सोडण्याचा अर्ज एका पानाचा आहे. कारण विचारतात, चारांतलं एक निवडायचं: वर्गणी परवडत नाही, व्यवसाय बदलला, रस उरला नाही, सभासद मृत. यातलं खरं एकही नव्हतं. मी चौथं निवडलं, कारण पहिल्या तिघांना परत या म्हणून विनंतीपत्र येतं. दोन मिनिटांनी पडद्यावर चौकट आली की ही सभा फक्त सभासदांसाठी आहे, आणि इंग्रिडबाई वाक्याच्या मध्यावर गेल्या. मी नकाशा उघडून पाहिला. लाटंबार्से पांढरं होतं. मला, खोटं कशाला सांगू, थोडं मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मी वत्सूतायला फोन लावला.

“झालं,” मी म्हणालो. “तुझा सडा आता पडीक नाही. नकाशावरून काढला मी. संस्थाच सोडली.”

“काडलो म्हणजे? आता कसलो आसा?”

“पांढरा. कोणीच न तपासलेला.”

“आनी तांच्या हातांतलो कागद? तो छापिल्लो आसा मरे. तो कसो पांढरो करतलंस?”

एकतीस वर्षं मोडून मी तिच्यापुढे ठेवली होती आणि तिने एका वाक्यात त्यांच्याखालची फळी काढली. पलीकडे वारा होता; ती अंगणात होती बहुतेक.

“तर मगे नांव तुझांच,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “केन्ना केलंस तां?”

“चवथीला.”

“खंय?”

“तुझ्याकडे. मखरासमोर बसून.”

ती शिव्या देईल म्हणून मी फोन कानापासून जरा दूर धरला होता; तो तसाच राहिला. रस्त्यावरून बस गेली. प्रभावतीने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“माझ्या घरांत,” वत्सूताय म्हणाली. “आनी मियां तुका फोडी करून हाडून दितालंय.”

“ताय, परवा मी येतो. मामलेदारापुढे उभा राहतो. लिहून देतो की मी केलं आणि मला माहीत होतं.”

“मामलेदाराकडे मगीर. आदीं सड्यार ये. फाल्यां सकाळीच ये. एकदां न पळयतां, डोळे मिटून सही केलंस, आता परत न पळयतां सांगूंक जातलंस? भेंडे पळय, बांद पळय, माती हातांत घे. मगीर मामलेदारान विचारलां तर तोंड वर करून सांगूंक जाय. आनी दुपारी माझ्या घराकडे जेवूंक येव नाका. बरोबर डबो हाड.”

“बरं,” मी म्हणालो. फोन ठेवायला हवा होता. पण विचारल्यावाचून चालणार नव्हतं, आणि ते विचारताना मला आयुष्यात पहिल्यांदा कसल्याही सभ्यतेचा आधार मिळेना. “ताय, सड्यावर जायची वाट कुठून आहे?”

पलीकडे पुन्हा वारा. मग ती भडकली, मघाशी राहिलेलं सगळं एकदम. चाळीस वर्षं लग्नाक जाल्यार येतंस, बारशाक येतंस, चवथीक येतंस, मोठो नकाशेवालो, आनी भयणीच्या सड्याची वाट ना ठावी! मी पेन्सिल घेतली आणि सभेची पत्रिका उलटी केली. ती म्हणाली, शाळेकडे बस सोड, मगीर उजव्या हाताक व्हाळ, तो उडी मारून हुपायचो, पलतडीं दोन वाटो फुटतत, रुंद वाट सोडून बारीक धरायची. मी रेघ काढत होतो, ती पुढे गेली होती, मी मागे राहिलो.

“हळू सांग,” मी म्हणालो.

“हळू कित्याक? काळोख जायच्या आदीं माका भेंडे काडूंचे आसत,” ती म्हणाली, आणि शाळेपासून पुन्हा सांगायला लागली.